शिडीच्या तोंडाशी उभी असलेली माणसे



टीकाकारांनी क्षुल्लक ठरवून बाजूला सारलेली एखादी करमणूक पुष्कळ काळाने पुन्हा पाहावी, आणि पहिल्या वेळी जिने केवळ हसवले तिनेच दुसऱ्या वेळी अंतर्मुख करावे, असा अनुभव मला ‘द लव्ह बोट’ या अमेरिकन विनोदी मालिकेचे जुने भाग पाहताना नुकताच आला. 1977 साली सुरू होऊन 1986 पर्यंत नियमाने चाललेली ही मालिका ‘पॅसिफिक प्रिन्सेस’ नावाच्या प्रवासी जहाजावर घडते. लॉस एंजेलिसहून मेक्सिकोच्या किनाऱ्याकडे निघणाऱ्या या जहाजावर प्रत्येक सफरीला नवे उतारू चढतात. त्यांत रुसलेली दांपत्ये असतात, लग्नाला बिचकणारे तरुण असतात, एकाकीपण सोसणारे वृद्ध असतात. आणि बहुधा तीन स्वतंत्र कथा एकमेकींत गुंफून, कोणाचाही पाणउतारा न करणाऱ्या निर्विष विनोदाच्या आधाराने, ही मालिका तासाभरात त्या सर्वांना सुखरूप बंदराला लावते.

या वेळी माझे लक्ष प्रवाशांपेक्षा कर्मचाऱ्यांकडे अधिक गेले. प्रवासी चढू लागतात तेव्हा जहाजाच्या शिडीच्या तोंडाशी पांढऱ्या गणवेशातील माणसे उभी असतात. करमणुकीची व्यवस्था जिच्याकडे सोपवलेली आहे ती ज्यूली हातातील यादीत नाव शोधून प्रत्येकाला त्याच्या खोलीची वाट सांगते. गोफर हा हरहुन्नरी, काहीसा वेंधळा तरुण अधिकारी उतारूंच्या सरबराईत गुंतलेला असतो. मदिरागृहातला आयझॅक पेला पुढे करता करता समोरच्याचे दुःख ऐकून घेतो. त्या तिन्ही कथा पुष्कळदा निरनिराळ्या लेखकांनी लिहिलेल्या असत, त्यांतील पात्रांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसे, आणि तरीही भाग विस्कळीत वाटत नसे, याचे श्रेय या स्वागत करणाऱ्यांना आहे. त्यांचा स्वतःचा संसार काही सुरळीत नव्हता. कप्तान स्ट्यूबिंग हा घटस्फोटित गृहस्थ, आपल्याला एक मुलगी आहे हे त्याला फार उशिरा कळते. परंतु आपल्या घरातील उणीव दुसऱ्याच्या स्वागतात उणीव राहण्याचे निमित्त होऊ द्यायची नाही, हा दंडक तो स्वतः पाळतो आणि हाताखालच्यांकडूनही पाळून घेतो.

हेच औदार्य मालिकेच्या कर्त्यांनीही दाखवले. मूकचित्रपटांच्या काळातील लिलियन गिश, नृत्यनायिका जिंजर रॉजर्स, रंगभूमी गाजवलेल्या एथेल मर्मन, अशा उतारवयातील कलावंतांना त्यांनी पाहुण्यांच्या भूमिका देऊन सन्मानाने जहाजावर घेतले. नव्या चेहऱ्यांच्या मागे धावणाऱ्या व्यवसायात ही गोष्ट सामान्य नव्हे.

श्रोतेहो, असे आगंतुकाचे स्वागत आपल्या सुरतेला नवखे नाही. मोगल अमदानीत हे बंदर मक्केचे द्वार म्हणून ओळखले जाई, आणि परमुलखातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या मुक्कामाची तजवीज म्हणून सन 1644 मध्ये येथे जी मुघलसराई बांधण्यात आली, तिच्यातच आज महानगरपालिकेचे मुख्य दफ्तर आहे. शहराचा कारभार एका धर्मशाळेतून चालावा, ही वस्तुस्थिती मला फार अर्थपूर्ण वाटते.

आणि त्या सराईची परंपरा जिवंत पाहायची असेल, तर सुरतेच्या नवागामात यावे. नंदुरबार, धुळे, जळगावकडून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने आलेली खानदेशी कुटुंबे येथे, डिंडोलीत, उधन्याला, लिंबायतला पिढ्यांपासून वसली आहेत. पाऊस दगा देतो, कोरडवाहू जमीन पोट भरू शकत नाही, आणि एखादा विशीतला मुलगा पिशवीत दोन कपडे आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन उधन्याला उतरतो, गावच्या कोणाचे तरी नाव विचारीत गल्लीत येऊन उभा राहतो. दारातली मावशी त्याला आधी तांब्याभर पाणी देते, ‘कव्हय उना भाऊ?’ म्हणून चौकशी करते, आणि मग त्याच्या तालुक्यापासून आजोळापर्यंतची रुजुवात होते. रात्री पाच जणांच्या खोलीत सहाव्याचे अंथरूण पडते. दुसऱ्या दिवशी कोणी त्याला लूमच्या कारखान्यात नेतो, कोणी साडीच्या घडी-पॅकिंगच्या कामावर लावतो, कोणी खोलीच्या अनामतीला पैसे उसने देतो. या माणसांना गणवेश नाही, या कामाचा मुशाहिरा नाही. परंतु शिडीच्या तोंडाशी उभे राहण्याचे काम ती त्याच निष्ठेने करीत आली आहेत.

येथेच त्या मालिकेची मर्यादाही स्पष्ट होते. तिच्यातले स्वागत मुख्यत्वे तिकीट काढून आलेल्यांचे होते. जहाजाच्या पोटात, यंत्राच्या उष्णतेत राबणारी माणसे तिच्या कथांमध्ये क्वचितच येतात. मालिकेत दिसलेल्या जहाजांचा शेवट मात्र अशाच राबणाऱ्या हातांनी झाला. 1971 साली पश्चिम जर्मनीतील एम्डेनच्या गोदीत बांधलेली ‘पॅसिफिक प्रिन्सेस’ 2013 साली तुर्कस्तानातील आलियागा येथे मोडीत निघाली, आणि ते काम चालू असताना यंत्रगृहातील विषारी वायूने दोन कामगारांचा बळी घेतला. तिची जुळी बहीण ‘आयलंड प्रिन्सेस’, जी या मालिकेच्या काही भागांत दिसते, ती मालक आणि नावे बदलत बदलत 2014 साली आपल्या समोरच्या किनाऱ्यावर, अलंगला आली. खंभातच्या आखातातील उंच भरतीच्या वेळी जहाज वेगाने किनाऱ्यावर चढवायचे, आणि ओहोटीने ते उघडे पडले की त्याचे पत्रे कापायला आरंभ करायचा, ही तेथील रीत. हजिऱ्याहून घोघ्याला जाणाऱ्या फेरीने आता सुरतेचा माणूस काही तासांत तो किनारा गाठतो. अलंगच्या रस्त्यावर दुतर्फा असलेल्या दुकानांत जहाजांच्या खुर्च्या, गाद्या, बशा विकायला मांडलेल्या असतात. जहाजांचे पोलाद वितळून किंवा पुन्हा लाटून त्याच्या सळया होतात आणि इमारतींत जातात. आणि हे पत्रे कापणारे कामगार पुष्कळसे ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार आणि झारखंडकडून, घरदार मागे ठेवून आलेले असतात.

दाम मोजून आलेल्या पाहुण्याला हसतमुखाने ‘या’ म्हणणे ही सभ्यता आहे, आणि ती अवश्य असावी. परंतु हाताला काम शोधीत, रिकाम्या खिशाने आलेल्या माणसाला ‘या’ म्हणणे ही समाजाच्या अंतःकरणाची खरी कसोटी होय. नवागामने ती आपल्या गाववाल्यांच्या बाबतीत उत्तम प्रकारे पार केली. आता पुढची पायरी आहे. ज्यांच्या आजोबांनी पिशवी घेऊन उधन्याला पाऊल ठेवले, त्यांची आज स्वतःची पक्की घरे झाली, मुले शिकली, आणि त्याच लूमवर काम करायला आता गंजामचा ओडिया तरुण आणि पूर्वांचलातला भोजपुरी तरुण येतो. त्याचे आजोळ आपल्या ओळखीचे नाही, त्याची बोली आपल्याला अर्धीच समजते, आणि म्हणूनच त्याचे स्वागत हा आपल्या पूर्वजांचे ऋण फेडण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे.

आज कामाला निघताना असा एखादा नवखा चेहरा गल्लीत दिसला, तर क्षणभर थांबून त्याचे नाव विचारावे, त्याच्या राहण्याजेवण्याची सोय झाली आहे की नाही याची चौकशी करावी, आणि झाली नसेल तर ती आपल्या हातून व्हावी. ज्याला कोणी एके काळी दारातून आत घेतले, त्याने दारात उभे राहून दुसऱ्याला आत घ्यावे, एवढाच या चिंतनाचा आशय आहे.