बॅग भरण्यापूर्वी

“फादर, स्वयंसेवक म्हणून दोन वर्षे आफ्रिकेत गेलो, तर आईवडिलांना कोण पाहील?” एका तरुणाचा हा प्रश्न.

‘कुर्बान’ म्हणत आईवडिलांचा वाटा नाकारणाऱ्यांना प्रभू येशूने फटकारले (मार्क ७:११). संत थॉमस अक्वायनस सांगतात, सहसा आप्तांचा हक्क पहिला. पण परका अत्यंत गरजेत असेल आणि वडिलांना तशी निकड नसेल, तर परक्याला आधी मदत करावी.

म्हणून तरुणांनो, तिथली गरज खरी आहे का, ते विचारा. वडिलांची औषधे, घरखर्च, रात्री-अपरात्री धावून येणारे माणूस, ही सोय आधी लावा. लागत नसेल तर थांबा, तीही सेवाच.

सोय लागली असेल, तर आईबापांनो, केवळ विरहाच्या भीतीने लेकराला अडवू नका. आशीर्वाद द्या.