ग्रंथाचा धनी कोण?

विद्या दिल्याने वाढते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ग्रंथाला मात्र कागद लागतो, शाई लागते आणि लिहिणाऱ्यालाही पोट असते. म्हणून विद्या सर्वांची असली, तरी ग्रंथ कोणाचा हा प्रश्न उरतोच. कायद्याने त्याचे उत्तर दिलेले आहे. ते नीतीच्या कसोटीला कितपत उतरते, हे आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखातल्या वाचकाने अवश्य तपासावे. कारण आपल्याकडे मराठी पुस्तकांचे दुकान विरळा, आणि वाचनालय हाच बहुतेकांचा आधार.

प्रथम लेखकाची बाजू. ज्याने वर्षानुवर्षे खपून कादंबरी लिहिली, ती त्याच्या परवानगीवाचून छापून दुसऱ्याने पैसा करावा, हा उघड अन्याय होय. १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाला त्यापासून संरक्षण देतो. पण वाचनालयाने विकत घेतलेली प्रत शंभर जणांनी वाचली, तर हा हक्क भंगत नाही. नवी प्रत काढण्याचा हक्क लेखकाचा. एकदा विकलेली प्रत कोणाकोणाच्या हाती जावी, हे ठरवण्याचा नव्हे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले आणि पुढे पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. त्यामुळे लेखक भिकेला लागल्याचे ऐकिवात नाही. उलट, वाचकच वाढले.

खरी अडचण मुदतीची आहे. पूर्वी लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांना मोकळे होई. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली वारले. म्हणजे १९९१ अखेर त्यांचे हक्क संपणार होते. ते हक्क विश्वभारतीकडे होते. ही मुदत सरायच्या वेळीच कायदा बदलण्यात आला आणि १९९२ च्या दुरुस्तीने पन्नासाची साठ वर्षे झाली. टागोरांचे साहित्य २००१ अखेर मोकळे झाले. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांची ‘श्यामची आई’ २०११ च्या आरंभी सर्वांची झाली.

टागोर आणि साने गुरुजी यांना थांबायला हरकत नव्हती. त्यांची पुस्तके बाजारात मिळतच होती. पण कायदा एका महाकवीपुरता लांबत नाही. त्या दहा वर्षांच्या कुंपणात हजारो लहान लेखकही अडकले. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी कोणा शिक्षकाने आपल्या परगण्याचा इतिहास लिहून पदरमोड करून छापला. तो १९७० साली वारला. प्रकाशक उरला नाही, वारस पुण्या-मुंबईकडे पांगले. हे पुस्तक २०३१ च्या १ जानेवारीला मोकळे होणार. तोवर वाचनालयातली एकुलती एक प्रत हात लावताच तुटू लागलेली असेल. अशा पुस्तकावरचा हक्क कोणाचेही पोट भरत नाही. तो फक्त कपाटाला कुलूप घालतो.

आणि तरीही सगळा दोष कायद्याच्या माथी मारता येत नाही. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या, आपल्या उपयोगासाठी, तीनपर्यंत प्रती काढण्याची मुभा नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक वाचनालयास याच कायद्याने दिली आहे. आपल्याकडील छापील प्रतीचे जतन करण्यासाठी तिची संगणकीय प्रत ठेवण्याची सोय २०१२ च्या दुरुस्तीने केली. दार किलकिले आहे. ते ढकलायला हात हवा.

२०१२ सालीच तीन बड्या परदेशी प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. अभ्यासक्रमातील उतारे एकत्र करून विद्यार्थ्यांना देणे हा हक्कभंग आहे, असे त्यांचे म्हणणे. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते मानले नाही. कॉपीराइट हा ईश्वरदत्त वा निसर्गदत्त हक्क नव्हे, असे निकालात म्हटले. त्याच वर्षी अपिलात काही मुद्दे पुन्हा तपासायला ठेवले गेले. पण शिक्षणासाठी दिलेली सवलत खंडपीठानेही मान्य केली. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

याचा अर्थ वाटेल ते उतरवून घ्यावे असा कोणी काढू नये. गेल्या दिवाळीत निघालेली कादंबरी मोबाइलवरून गावभर फुकट वाटणारा वाचक स्वतःला ज्ञानदाता समजत असेल. प्रत्यक्षात तो मराठी प्रकाशकाची आधीच लहान असलेली आवृत्ती आणखी लहान करत असतो. माझ्या मते कसोटी सोपी आहे: ही प्रत काढल्याने कोणाच्या ताटातला घास जातो का? जात असेल तर पुस्तक विकत घ्यावे, नाहीतर वाचनालयात आपला क्रमांक लागेपर्यंत थांबावे. जात नसेल, आणि पुस्तक मरणपंथाला लागले असेल, तर कायद्याने दिलेल्या मुभेत ते वाचवणे हे कर्तव्यच ठरते. हक्क लेखकाच्या हितासाठी आहे, आणि वाचले जाणे यापरते लेखकाचे हित कोणते?

इथे वारसांवरही जबाबदारी येते. ज्यांच्या आजोबांनी, आत्याबाईंनी दोन-चार पुस्तके लिहिली आणि ती आता मिळत नाहीत, त्यांनी गावच्या वाचनालयाला एक साधे पत्र द्यावे: आमच्या परवानगीने या पुस्तकाच्या प्रती काढाव्यात, ज्याला हवे त्याने वाचावे. त्यावर सर्व वारसांच्या सह्या असाव्यात. वाचनालयाच्या चिटणिसांनीही अशी पत्रे आपणहून मागावीत आणि नीट फायलीला लावावीत. घर, शेत, दागिने यांच्या वाटण्या आपण मोठ्या काळजीने करतो. पुस्तकाचा हक्कही त्याच इस्टेटीत असतो, आणि तो वाटून टाकल्याने कोणाचाच हिस्सा कमी होत नाही.