सात वर्षं म्हणजे किती?

ऑलिव्हिया डी हॅविलंडनं वॉर्नर ब्रदर्सबरोबर सात वर्षांचा करार केला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. साल 1936. ‘गॉन विथ द विंड’मधली मेलनी म्हणून आपण तिला ओळखतो, पण त्या भूमिकेसाठीसुद्धा वॉर्नरनं तिला दुसऱ्या निर्मात्याला उसनं दिलं होतं. शब्द बरोबर आहे, उसनंच. स्वतःच्या स्टुडिओत तिच्या वाट्याला बहुतेक वेळा नायकाकडे कौतुकानं बघणारी सालस मुलगी यायची. ती नको म्हटलं की निलंबन: पगार बंद, बाहेर काम करायला मनाई, आणि निलंबनाचे दिवस कराराच्या शेपटाला जोडायचे.

1943 मध्ये सात वर्षं संपली. स्टुडिओ म्हणाला, अजून सुमारे सहा महिने बाकी आहेत. सत्ताविसाव्या वर्षी ती कोर्टात गेली. काही वर्षांपूर्वी बेटी डेव्हिस याच स्टुडिओशी लंडनच्या कोर्टात भांडून हरली होती, म्हणजे अंदाज सगळ्यांना होता.

स्टुडिओची बाजू अगदीच फालतू नव्हती. तिला प्रसिद्धी त्यांनीच दिली, सही तिनंच केली. दिलेला शब्द पाळावा, हे आपल्यालाही घरी शिकवलेलं असतं. पण एकोणिसाव्या वर्षीच्या मुलीनं सत्ताविशीतल्या बाईच्या वतीनं किती शब्द द्यावा? जॉन स्टुअर्ट मिल म्हणतो की स्वतःला गुलाम म्हणून विकायचं स्वातंत्र्य हे स्वातंत्र्यच नव्हे. करार म्हणजे काही गुलामी नाही, कबूल. पण जिचं घड्याळ समोरचा हवं तेव्हा थांबवू शकतो, ती मुदत तरी कसली?

डिसेंबर 1944 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टानं सांगितलं, सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. आणि हे संरक्षण कामगाराला स्वखुशीनंही सोडून देता येणार नाही. इथे मी आधी अडखळलो. माझ्या संमतीवर कायद्याचा विश्वास नाही? मग लक्षात आलं, सोडायची मुभा असती तर ‘मी हा हक्क सोडत आहे’ ही ओळ दुसऱ्याच दिवशी प्रत्येक करारात छापली गेली असती. अॅप टाकताना आपण ‘आय अॅग्री’ दाबतो, तसं.

मीही दाबलंय. कॅम्पसमधून नोकरी लागली तेव्हा दोन वर्षांचा बॉण्ड होता, जामीनदार म्हणून बाबांची सही. ट्रेनिंगचे महिने त्यात धरणार नाहीत, हे कलम मी रुजू झाल्यावर वाचलं. म्हणून तिचे ते सहा महिने मला फार ओळखीचे वाटले. फरक एवढाच की मी गप्प बसलो.

तिला ते महागात पडलं. जॅक वॉर्नरनं इतर स्टुडिओंना पत्रं लिहिली आणि जवळजवळ दोन वर्षं तिला चित्रपट मिळाला नाही. पुढे ‘टू ईच हिज ओन’ आणि ‘द एअरेस’ या चित्रपटांसाठी दोन ऑस्कर मिळाले, पण निकाल लागला तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मिळाले नसते तरी तिचं बरोबरच होतं, असं मला वाटतं. दोन हजारच्या दशकात ‘थर्टी सेकंड्स टू मार्स’ या बँडनं आपल्या रेकॉर्ड कंपनीविरुद्ध हाच निकाल पुढे केला. ती 2020 मध्ये, 104 व्या वर्षी पॅरिसमध्ये गेली.

माझा बॉण्ड संपून चार वर्षं झाली. तो स्टॅम्पपेपर बाबांनी अजून लोखंडी कपाटात जपून ठेवलाय.