कायम राहणारा सदका आणि कर्करोगाचे संशोधन

समस्त स्तुती अल्लाहसाठी आहे, जो रोगही निर्माण करतो आणि त्याचा उतारही, आणि दुरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर.

गेल्या रमजानमध्ये कात्रज येथे तरावीहची नमाज संपल्यावर एक गृहस्थ मागे थांबले. त्यांच्या पत्नीचे कर्करोगाने निधन झाले होते. तिचे मेहेरचे दागिने विकून ती रक्कम या रोगावरील संशोधनाला द्यावी, अशी त्यांची इच्छा होती. जवळ बसलेले कोणी म्हणाले, "त्यापेक्षा मशिदीत गालिचे घाला, नाहीतर बोअर घ्या. प्रयोगशाळेत पैसा टाकून कसला सवाब?" त्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री घाईत दिले गेले. ते आज सविस्तर देत आहे.

प्रेषितांनी (स.) शिकविले आहे की, माणूस मरण पावल्यावर त्याच्या कर्मांची वही मिटते; मात्र तीन गोष्टींचे पुण्य चालू राहते: सतत वाहणारा सदका, लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती. संशोधनासाठी ठेवलेल्या निधीत यांपैकी पहिल्या दोन गोष्टी एकत्र येतात. तसेच अल्लाहने उपचाराविना कोणताही रोग उतरविलेला नाही, हीही त्यांचीच शिकवण. उपचार आहे असे सांगितले गेले, याचाच अर्थ तो शोधणे कोणाच्या तरी माथी आहे.

आपल्याच गावाचे पाहा. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून नळ बांधून पाणी पुण्यातील हौदांपर्यंत नेले गेले. हौदावर घागर भरणाऱ्या स्त्रीला तो नळ कोणी बांधला हे कोठे ठाऊक असे? संशोधनाचे दानही असेच जमिनीखालून वाहते. म्हणूनच ते आपल्याला दिसत नाही आणि गालिचा चटकन दिसतो.

याचा नमुना आपल्या इतिहासात आहे. हजरत उमर (रजि.) यांना खैबर येथे उत्तम जमीन मिळाली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सल्ला दिला की मूळ राखून ठेवा आणि उत्पन्न दान करा. वक्फची रीत येथूनच पुढे चालली. कैरोचे मन्सूरी रुग्णालय इ.स. १२८४ मध्ये अशाच वक्फवर उभे राहिले. फुफ्फुसांतून होणारे रक्ताभिसरण प्रथम वर्णिणारे हकीम इब्न नफीस यांनी आपले घर आणि ग्रंथसंग्रह त्याच रुग्णालयाला दिला.

आता महाराष्ट्राकडे या. १९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटांनी त्यांच्या नावे या रोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन केला, आणि त्याच वर्षी स्वतःही जगाचा निरोप घेतला. तो निधी आजही संशोधकांना साहाय्य देतो. दोराबजींच्या ट्रस्टने परळला उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे आपल्या किती आया-बहिणी उपचार घेऊन आल्या असतील! एक पारशी गृहस्थ पत्नीच्या वियोगातून हे करून गेला. मूळ राखून उत्पन्न द्यावे ही शिकवण ज्यांच्या घरची, ते आपण मात्र पावतीपुस्तक पुढे आले की पन्नास रुपयांवर थांबतो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

दुसरे उदाहरण उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यातील. १९९९ पासून तेथील खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत अभ्यास झाला. टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. पैसा परदेशातील गेट्स फाउंडेशनचा होता. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: विषाणूची एकच तपासणी ज्या गावांत केली गेली, तेथे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एक जीव वाचविणे म्हणजे जणू सर्व मानवजात वाचविणे, असे कुरआन सांगतो. येथे तर जगभरच्या स्त्रियांना उपयोगी पडणारे ज्ञान मराठवाड्याच्या मातीतून निघाले.

आता शरीअतचे नियम, कारण केवळ नेक इरादा पुरेसा नाही. जकातचे आठ हकदार कुरआनने ठरविले आहेत, आणि हनफी फिक्हानुसार जकात गरजवंताच्या मालकीत जावी लागते. म्हणून गरीब रुग्णाच्या औषधपाण्याला जकात द्या. प्रयोगशाळेच्या यंत्राला देऊ नका. तेथे ऐच्छिक सदका किंवा वक्फ द्यावा. कोकणातील शाफिई कुटुंबांनी आपल्या उलमांना विचारावे. मृत्युपत्राने द्यायचे असल्यास मर्यादा एक तृतीयांशाची आहे. ट्रस्ट निवडताना लेखापरीक्षित हिशोब मागा, आणि आपली रक्कम उपचारासाठी, संशोधनासाठी की कायम निधीत जाणार, हे लेखी घ्या. असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. ती अमानतीची काळजी आहे.

त्या गृहस्थांना मात्र आधी वेगळेच सांगावे लागले. मेहेरचे दागिने पत्नीच्या मालकीचे. तिच्या पश्चात ते वारसांचे झाले. अपत्ये असल्याने पतीचा हिस्सा एक चतुर्थांश. बाकीचा मुलांचा, आणि अज्ञान मुलाचा वाटा बापालाही दान करता येत नाही. ते थोडे खट्टू झाले. ईदनंतर पुन्हा भेटले तेव्हा दोन्ही सज्ञान मुलींनी स्वखुशीने आपले हिस्से त्यांच्या हिश्शात मिळविले होते. धाकट्या मुलाचा वाटा त्याच्या नावे बँकेत ठेवला होता. पावतीवर देणाऱ्याचे नाव कोणाचे घालावे, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी म्हटले, मरहूमेचे घाला.