दुखवट्याचं पत्र

शेणव्यात आमच्या घराला लागूनच काकांचं घर. काका पंचायत समितीवर दोनदा निवडून आलेले. शहापूरची एसटी उभी राहिली की लोक खिडकीतून त्यांच्या हातात अर्ज द्यायचे. ते गेले ते भाताच्या कापणीत. खळ्यावर भारे तसेच पडून होते. मी तेव्हा नववीत होतो.

माणूस गेलं की आमच्याकडे त्या घरात चूल पेटत नाही. भावकीतून तांदळाच्या भाकरी आणि पिठलं येत राहिलं. ठाकूरवाडीतल्या बाया आल्या, ओटीवर बसल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि उठून गेल्या. राहिलेलं भात कुणी कापलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. "आम्हाला फार दुःख झालं" असं तोंडाने म्हणणारा एकही माणूस मला आठवत नाही.

तेरावं झालं आणि पोस्टमनने लांबट खाकी पाकीट आणलं. काकीला वाचता येत नव्हतं. तिने मला हाक मारली.

"काय लिवलाय रं बाबू त्याच्यात?"

वर जावक क्रमांक, खाली सहीचा शिक्का. मधे चार ओळी : आपल्या पतींच्या दुःखद निधनाचे वृत्त समजले, तालुक्याची अपरिमित हानी झाली, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. काकांच्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. मी ते मनातल्या मनात सुधारून वाचलं. काकीने तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "माजा नाव कुठं हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. श्रीमती, पुढे तिचं नाव, मग काकांचं. त्या जागेवरून तिने अंगठा फिरवला आणि पत्र रेशनकार्डाच्या घडीत घालून पेटीत ठेवलं.

मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू? ज्याला काकांचं आडनाव धड लिहिता येत नाही, तो कसला दुःखात सहभागी!

पुढे मीच एका कार्यालयात कारकून झालो आणि ही पत्रं माझ्या टेबलावर आली. एक जुना नमुना होता. त्यात तीन जागा मोकळ्या : बाईचं नाव, मयताचं नाव, मयताचं पद. अपरिमित हानी आधीच छापलेली. साहेब दोन बिलांच्या मधे सही करायचे. एकदा एका पुढाऱ्याच्या बायकोला पत्र गेलं त्यात आधीच्या बाईचं नाव तसंच राहून गेलं. चूक माझीच. पत्र रवाना झाल्यावर लक्षात आलं. दुसरं पाठवायचं का यावर चहा पिता पिता बोलणं झालं. चूक उघड करण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं असं ठरलं आणि मीही मान हलवली. त्या बाईनेही कुणा पोराला बोलावून ते वाचून घेतलं असेल. त्या पोराने काय केलं असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न असा, की ज्याला दुःख झालेलं नाही त्याने दुःख झालं असं लिहावं का? बरीच वर्षं मी म्हणत होतो, लिहू नये. आता तेवढं ठामपणे म्हणवत नाही. कचेरीला रडता येत नाही, तिला नोंद करता येते. आणि नोंद होणं न होणं यातला फरक आपल्या मुरबाडच्या सिद्धगडाला विचारावा. २ जानेवारी १९४३ ला तिथल्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. भाई माथेरानचे वकील, तिथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष. बेचाळीसमध्ये विजेचे मनोरे पाडले म्हणून सरकार त्यांच्या मागावर होतं. त्यांच्या पत्नी इंदूताईंना सांत्वनाचं पत्र कोण धाडणार? मारणारं सरकारच होतं. त्या दप्तरात त्या फरारी माणसाची बायको, एवढीच. आज दर २ जानेवारीला सिद्धगडावर मानवंदना होते. जावं, चांगलंच आहे. पण ज्या सकाळी शब्द हवा होता ती सकाळ केव्हाच गेली.

दुसरं उदाहरण माझा जुना हिशेब पार उलटा करतं. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले. लोकसभेत पंतप्रधान नेहरू त्यांच्याविषयी बोलले, सभागृहाचं त्या दिवसाचं कामकाज थांबलं. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर जनसागर लोटला. आणि एवढ्या खऱ्या, छाती फुटणाऱ्या दुःखातून सविताबाईंच्या वाट्याला काय आलं? संशय. त्या डॉक्टर होत्या, त्यांच्यावरच बोट रोखलं गेलं. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचं निघालं, तरी कितीतरी वर्षं त्यांना समाजापासून लांब राहावं लागलं. मे २००३ मध्ये त्या गेल्या. लोकांचं रडणं खरं होतं, यात शंका नाही. पण त्या बाईच्या बाजूचं जे काही होतं, ते एका कोरड्या चौकशीच्या कागदात होतं.

आमच्या काकीचं तरी काय? ज्या बायांनी भाकरी आणल्या, त्यांनीच दहाव्याला नदीवर तिच्या बांगड्या फोडल्या. मी लांब उभा होतो. काचेचा आवाज नाही आला, पाण्याचा खळखळाट होता. पुढे कुणाच्या हळदीला तिला बोलावणं नाही, सुपारी फुटताना ती मागच्या पडवीत. गाव मायेचं खरंच, त्याच मायेने तिचं नाव पुसत आणलं होतं. "अमक्याची रांडाव" एवढंच उरलं. दिराने सातबाऱ्यावर तिचं नाव लागू नये म्हणून खटपट केली, तेव्हा तिने पेटीतून ते पत्र काढून त्याच्यापुढे धरलं. तलाठ्याच्या लेखी त्या कागदाला काडीची किंमत नव्हती, वारस नोंद व्हायची त्या रीतीनेच झाली. पण दीर ओटीवरून उठून गेला, हे मी पाहिलेलं आहे.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या बंद असा ठराव केला, आणि पाठोपाठ १७ मे ला राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. परिपत्रकाने रीत सुटत नाही, हे कारकुनाला कुणी सांगायला नको. तरी ते वाचताना मला ती नदी आठवली.

रिटायर झाल्यावर गावी गेलो तेव्हा काकी खूप थकली होती. ओटीवर बसून मी तिला ती चुकलेल्या नावाची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे, हसेल असं वाटलं असेल.

ती हसली नाही. बराच वेळ शेंगा सोलत राहिली.

"मंग दुसरा धाडायचा व्हतास," म्हणाली.

"काकी, आता वीस वर्षं झाली त्याला."

"बाई हाय ना अजून?"

मला ते माहीत नव्हतं.