खांडबारावालीचं गाणं

मागच्या उन्हाळ्यात चिंचपाड्याला आमच्या घरचं लग्न होतं. बँड आला होता. पिकअपवर स्पीकरची भिंत, मागे जनरेटर, वर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, माइकवर एक पोरगा. रात्र चढली तशी नाचणाऱ्यांची रांग वाढत गेली. मध्येच एक गाणं लागलं आणि कोपऱ्यात बसलेली आजी हसायला लागली. म्हणाली, ''अरे, हे तर आमचं हळदीचं गाणं! केवढं पळवलंय!''

दुसऱ्या दिवशी माझ्या मामेबहिणीने आजीला अंगणात बसवलं आणि तेच गाणं फोनवर रेकॉर्ड केलं. वाद्य नाही, टाळी नाही, नुसता आवाज. मावची बोलीतलं चार-पाच ओळींचं गाणं. तिने ते ऑनलाइन टाकलं आणि काही तासांत सूचना आली: या व्हिडिओतल्या गाण्यावर दुसऱ्या एका चॅनलचा हक्क आहे. व्हिडिओ राहील, पण त्यातून पैसे आलेच तर ते त्यांना मिळतील. आजीचं गाणं आजीच्याच आवाजात, आणि हक्क भलत्याचाच.

घरात सगळे चिडले. ''चोर आहेत साले,'' असं मीही म्हणालो. मग वाटलं, चोरी म्हणायची तर मालक कोण ते आधी सांगता आलं पाहिजे. म्हणून आजीला विचारलं, ''हे गाणं तू केलंस का?'' ती म्हणाली, ''मी कशाला करू? लग्न होऊन आले तेव्हा खांडबारावालीकडून शिकले.'' खांडबारावालीचं नाव काय? आजीने बराच वेळ आठवून पाहिलं. ''नाव कुणाला माहीत? आम्ही तिला खांडबारावालीच म्हणायचो.''

खांडबारा आमच्याच रेल्वेमार्गावर आहे, सुरत-भुसावळ लाइनवर. तिथून ती नवरी होऊन इकडे आली, सोबत गाणं घेऊन आली. तिला ते कुणी शिकवलं, कोण जाणे.

म्हणजे आजीही मालक नाही. मग बँडवाल्यांनी नेमकं काय चुकीचं केलं?

त्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. आमच्या पिढीतल्या किती जणांना हे गाणं येत होतं? मला तर नाहीच. कीबोर्डवर चढलं म्हणून ते आमच्या कानावर पडलं. 'खरं संगीत बिघडवलं' ही तक्रारही दर पिढीत होते. ढोलाच्या जागी ब्रास बँड आला तेव्हा झाली. 1980च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या, बोलीभाषांतली गाणी टपरीवर विकायला लागली, तेव्हा झाली. आता कीबोर्डबद्दल होते. गाणं ज्या काळात जगतं त्या काळाचे कपडे घालतं. आजीला स्वतःला वेग वाढल्याचं दुःख नव्हतं, ती तर हसत होती. बँडची पोरंही आमच्यासारखीच, लग्नसराईत चार पैसे कमावणारी. त्यांनी गाणं वाजवलं याला चोरी म्हणणं मला पटत नाही.

मग खटकतं ते काय? आपल्याकडे कॉपीराइटच्या कितीतरी आधी नाव जपायची एक रीत होती. अभंगाच्या शेवटी तुकोबांचं नाव येतं, जनाबाईंचं येतं. ही मुद्रा गाण्यात अशी विणलेली असते की नाव काढलं तर ओळच मोडते. अभंग कुणीही गावा, कुठेही गावा, कुठल्याही चालीत गावा, पण कर्त्याचं नाव सोबत जातं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक (1922-2004) यांनी आंबेडकरी चळवळीची असंख्य गाणी लिहिली. त्यांच्याही गाण्यांत शेवटी 'वामन' येतो. ती गाणी कितीतरी गायकांनी गायली. वामनदादांनी गाणं मोकळं सोडलं, पण त्यात आपलं नाव ठेवलं.

बायकांच्या गाण्यांत बहुतेक वेळा ही मुद्रा नसते. जात्यावरची ओवी, हळदीचं गाणं एकीने सुरू केलं, दुसरीने ओळ जोडली, तिसरीने बदलली. बहिणाबाई चौधरी (1880-1951) आपल्या खानदेशातल्याच. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, कवी सोपानदेवांनी, जपली आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 1952 साली पुस्तक आलं, तेव्हा महाराष्ट्राला त्यांचं नाव कळलं. तोवर बहिणाबाई या जगातच नव्हत्या. आणि ज्यांच्या घरी सोपानदेव नव्हते, अशा किती खांडबारावाल्या होऊन गेल्या असतील?

जगातही हेच घडलंय. 'द लायन किंग' तुम्ही पाहिलाच असेल. त्यातलं सिंहाच्या झोपेचं गाणं मुळात दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा या झुलू गायकाचं. 1939 साली जोहान्सबर्गला त्याने ते 'म्बुबे' नावाने रेकॉर्ड केलं, आणि त्याचे हक्क 10 शिलिंगला गेल्याचं सांगतात. 1961 साली त्याचं इंग्रजी रूप अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. लिंडा 1962 साली गरिबीतच गेला. त्याच्या मुलींना कोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे 2006 साली तडजोड झाली.

लिंडाच्या मुलींकडे निदान वडिलांचं नाव होतं, रेकॉर्ड होती. आमच्याकडे तेही नाही. आपला 1957चा कॉपीराइट कायदा कर्ता विचारतो. कर्त्याच्या हयातीपर्यंत आणि त्यापुढे 60 वर्षं हक्क, असा हिशोब आहे. जिथे कर्ता एक नाही आणि त्याच्या मृत्यूची तारीखही नाही, तिथे हा हिशोब कुठून सुरू करायचा? मग जो आधी फॉर्म भरतो, त्याचं नाव लागतं.

म्हणून मला वाटतं, 'गाणं कुणाचं' या प्रश्नात अडकण्यापेक्षा दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. गाणं वापरणं एक, आणि गाण्याला कुलूप लावणं दुसरी. विहीर सगळ्या पाड्याची असेल तर पाणी कुणीही भरावं, मोटर लावून भरलं तरी हरकत नाही. पण मोटर लावली म्हणून विहिरीवर आपलं नाव टाकून दुसऱ्याचा दोर कापायचा, हे अन्यायाचं आहे. बँडने आपल्या रेकॉर्डिंगवर हक्क सांगावा, त्यात त्यांची मेहनत आहे. त्या रेकॉर्डिंगच्या जोरावर आजीच्या गळ्यावर हक्क सांगता येणार नाही.

आणि नुसतं 'पारंपरिक' एवढं लिहून भागत नाही. त्या शब्दाने माणसं पुसली जातात. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. ओवी सगळ्यांची, तरी कोणत्या गावात कुणी गायली हे त्यांनी टिपून ठेवलं. मालकी न सांगताही नाव सांगता येतं, हे त्यातून दिसतं.

आम्ही त्या दाव्यावर हरकत नोंदवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान मामेबहिणीने व्हिडिओखालचा मजकूर बदलला. आता तिथे आजीचं नाव आणि गाव आहे, आणि त्याखाली एक ओळ: 'हे गाणं आजी खांडबाऱ्याहून चिंचपाड्याला आलेल्या एका बाईकडून शिकली. त्या बाईचं नाव कुणाला माहीत असेल तर कळवा.'

खाली नवापूरच्या एकाने लिहिलंय की त्याच्या आजीला याच गाण्याच्या आणखी दोन ओळी येतात. तिचं नाव त्याने लिहिलं नव्हतं. आम्ही ते विचारलं आहे.