अपुरी गोधडी

‘आरंभशूर’ हा शब्द आपल्या घरांतून कोणाकोणाला लावला जातो, हें वाचकांनीं एकदां आठवून पाहावें. दर जानेवारींत व्यायामाचा निश्चय करणाऱ्या पुरुषाला तो थट्टेनें लावतात व लगेच विसरून जातात. जिच्या कपाटांत अर्धवट शिवलेलीं कापडें घडी घालून ठेवलेलीं आहेत अशा गृहिणीला मात्र तो जरा गंभीरपणानें लावला जातो. जणूं तिच्या स्वभावांतील कांहीं वैगुण्यच त्या कपाटांत उघडें पडलें आहे. आमच्या घरीं हा शब्द आम्ही स्वतः कित्येक वर्षें वापरीत आलों. तो आम्हांला परत घ्यावा लागला. कां घ्यावा लागला, हें सांगतांना चिकाटी या सद्गुणाविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. ते वाचकांनीं गोड करून घ्यावेत.

सहा वर्षांपूर्वीं आमच्या सासूबाई वारल्या. त्यांच्या मागें राहिलेल्या चीजवस्तूंतून आमच्या पत्नीनें दोन सुती नऊवारी लुगडीं तेवढीं मागून घेतलीं. त्यांची गोधडी शिवावयाची, असा तिचा बेत होता. पुष्कळ वर्षें धुऊन मऊ झालेलें लुगडें हेंच गोधडीचें खरें कापड. नव्या कापडाला ती ऊब नसते, हें ज्यानें आजीच्या गोधडींत झोंप काढली आहे त्याला सांगावयास नको. ज्या तरुण वाचकांनीं गोधडी शिवतांना पाहिली नसेल त्यांच्यासाठीं एवढें सांगतों, कीं जमिनीवर एक लुगडें ताणून अंथरतात, त्यावर जुन्या धोतरांचे, चादरींचे, क्वचित् एखाद्या फाटक्या गोधडीचेहि थर देतात, वर दुसरें लुगडें घालतात, आणि थर सरकूं नयेत म्हणून लांब लांब कच्चे टांके घालून घेतात. मग खरें शिवण सुरू होतें. कडेपासून आरंभ करून जाड दोऱ्याचा धावदोरा चारी बाजूंनीं फिरवीत आणावयाचा, एक फेरा पुरा झाला कीं बोटभर अंतरावर आंत दुसरा घ्यावयाचा, आणि असें करीत करीत मध्यापर्यंत जावयाचें.

यामुळें गोधडीची प्रगति मोजणें फार सोपें, असें आम्हांला वाटे. फेरे मोजले म्हणजे झालें! परंतु यांत एक फसगत आहे, व ती आमच्यासारख्या पढिक पंडितांच्या ध्यानांत फार उशिरां आली. पहिला फेरा सर्वांत लांब असतो आणि मधले अगदीं आंखूड. कडेपासून मध्यापर्यंतच्या अंतराचा तिसरा हिस्सा शिवून झाला, कीं गोधडी जवळजवळ निम्मी झालेली असते. पाहणाऱ्याला मात्र मधला मोठा कोरा चौकोन तेवढा दिसतो.

त्याच पावसाळ्यांत आम्हींहि एका ग्रंथाला हात घातला होता. तो तीन वर्षांत लिहून झाला, छापला गेला, त्यावर दोनतीन ठिकाणीं बरें लिहूनहि आलें. प्रस्तावनेच्या शेवटीं पत्नीचे आभार एका ओळींत मानलेले आहेत. त्या तीन वर्षांत गोधडीचे अकरा फेरे झाले. ग्रंथ आणि गोधडी यांची तुलना करून आम्ही वेळोवेळीं विनोद करीत असूं. ती हंसे, आणि पुढील खेपेस गोधडी बाहेर काढावयास तिला आणखी चारदोन आठवडे लागत.

भर्तृहरीनें नीतिशतकांत माणसांच्या तीन प्रती लावल्या आहेत. विघ्नांच्या भयानें जे आरंभच करीत नाहींत ते नीच, आरंभ करून विघ्न येतांच थांबतात ते मध्यम, आणि विघ्नांचे आघात पुनःपुन्हां सोसूनहि हातीं घेतलेलें काम जे सोडीत नाहींत ते उत्तम. शाळेंत असतांना हा श्लोक आम्हीं पाठ केला, व पुढें निरोपसमारंभांतून विद्यार्थ्यांना अनेकदां ऐकविला. आमचा ग्रंथ उत्तम प्रतींत जमा होता, गोधडी मध्यम प्रतींत. या हिशेबांत कांहीं चूक असेल असें आमच्या मनांतहि आलें नाहीं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एके दुपारीं आम्ही बैठकीच्या खोलींत उत्तरपत्रिका तपाशीत बसलों होतों, व ती खिडकीखालीं गोधडी पसरून बसली होती. अंगुस्तान सांपडेना, तें शोधण्यांत आधीं थोडा वेळ गेला. अडीच वाजतां तिनें सुईंत दोरा ओंवला. पांच वाजेपर्यंत ती अकरा वेळां उठली. मोजण्याचा आमचा हेतु नव्हता. चौथ्या खेपेनंतर मात्र जवळच्या कागदावर आम्हीं रेघा ओढावयास आरंभ केला. एकदां गॅसची टाकी आली. एकदां शेजारच्या आजींच्या डोळ्यांत औषध घालावयाचें होतें. मुलाचा दूरध्वनि आला. त्याच्या जन्मदाखल्याची प्रत कोठें आहे हें त्याला विचारावयाचें होतें. एकदां दूध उतूं गेलें. आणि उरलेल्या सात वेळां ती आमच्यासाठीं उठली: चहा, चष्मा, लाल पेन, पंखा कमी करणें, पुन्हां चहा, आमच्याकडे आलेल्या एका गृहस्थांना पाणी, आणि सातव्या खेपेस आम्हीं हांक मारली ती कशासाठीं होती, हें ती येईपर्यंत आम्हीच विसरून गेलों होतों. त्या दुपारीं अर्धा फेराहि झाला नाहीं.

रात्रीं तो रेघांचा कागद समोर घेऊन बसलों असतां भर्तृहरीच्या श्लोकांतील एक गोष्ट आम्हांला प्रथमच खटकली. त्याचें विघ्न बाहेरून येतें. यज्ञांत राक्षस यावेत तसें तें येतें. तें शत्रु असतें, म्हणून त्याला न जुमानणें हा पराक्रम ठरतो. पण शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या डोळ्यांतील औषध हें विघ्न आहे काय? तें कर्तव्य आहे. घरांत एका कर्तव्याला आड येतें तें बहुधा दुसरें कर्तव्यच असतें. हांक ऐकूनहि ती उठली नसती, तर भर्तृहरीनें तिला उत्तम प्रतींत बसविलें असतें, आणि आम्हीं तिला निष्ठुर म्हटलें असतें. चिकाटी हा ज्याचा त्यानें एकट्यानें कमावलेला गुण आहे, असें आपण समजतों. पुष्कळदां तो दुसऱ्याच्या खर्चानें चाललेला असतो. ग्रंथ लिहीत असतांना तीन वर्षांत दारावरची घंटा किती वेळां वाजली हें आम्हांला सांगतां येणार नाहीं, याचें कारण ती ऐकणारें दुसरें कोणी घरांत होतें.

तिच्या अंगीं चिकाटीच नाहीं म्हणावें, तर तोहि आरोप टिकत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं आमची मुलगी बाळंतपणाला आली, त्या वेळीं सहा दुपटीं, तीन कुंच्या आणि झबलीं असा सगळा बाळंतविडा हिनें पांच आठवड्यांत शिवून हातावेगळा केला. त्या पांच आठवड्यांत दुपारचा चहा आम्ही स्वतः करून घेत होतों, व त्यांत आपण कांहीं विशेष करीत आहों असेंहि वाटलें नाहीं. दुपट्यांना घराची मान्यता होती. नातवंडासाठीं चाललेलें शिवण हें काम ठरलें. गेलेल्या आईसाठीं चाललेलें शिवण हा छंद ठरला. छंदांत असलेल्या माणसाला केव्हांहि हांक मारावयास हरकत नाहीं, असा अलिखित कायदा बहुतेक घरांतून आहे, आणि तो कोणीं केला हें विचारण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं.

न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे, कीं सगळेंच अपुरें काम असें निष्पाप नसतें. त्याच कपाटांत एक उशीचा अभ्रा आठनऊ वर्षें अर्धा पडून आहे. त्याच्यामागें आळसाखेरीज दुसरें कारण नाहीं, हें ती स्वतःच सांगते. आमच्या टेबलाच्या खणांत तसे तीन लेख आहेत.

आमच्या मनांत आलेला पहिला उपाय म्हणजे यंत्र. शिवणाचें यंत्र ही थोरामोठ्यांच्याहि आदराची वस्तु आहे. १९२४ सालीं यंत्रांविषयीं झालेल्या एका संभाषणांत गांधीजींनीं सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. हातानें शिवतांना पत्नीला होणारे कष्ट पाहून सिंगरनें प्रेमापोटीं तें यंत्र काढलें, असें त्यांनीं सांगितलें. सिंगरनें १८५१ सालीं पेटंट घेतलें हें खरें. परंतु तो गृहस्थ पक्का व्यवहारी होता, आणि त्याचे एकाहून अधिक संसार एकाच वेळीं चालले होते. तेव्हां यांतील कोणत्या घरचे कष्ट त्याला दिसले हा प्रश्न उरतोच. तें असो. यंत्र आमच्या घरींहि आहे. गोधडीचे जाड थर त्याखालून नीट सरकत नाहींत ही अडचण आहे, पण मुख्य अडचण ती नव्हे. यंत्र वेग देतें. हिला उणीव होती ती अखंड वेळेची. दहा मिनिटांच्या तुकड्यांत यंत्रावरचें झांकण काढून दोरा भरेपर्यंतच पुढची हांक येते.

दुसरा उपाय तत्त्वज्ञानाचा. तो आमच्या धंद्यांतला. ॲरिस्टॉटलनें क्रियांचे दोन प्रकार केले आहेत. पाहणें ही क्रिया प्रत्येक क्षणीं पूर्ण असते. ज्यानें पाहावयास आरंभ केला त्यानें पाहिलेलेंहि असतें. घर बांधणें ही क्रिया घर पुरें होईपर्यंत अपुरी, आणि पुरें होतांच ती संपली. मग गोधडी शिवणें पहिल्या प्रकारांत कां घालूं नये? आईच्या लुगड्यावरून मुलीचे हात फिरत आहेत, प्रत्येक टांक्यांतच त्या श्रमाचें सार्थक आहे, शेवटचा टांका पडो वा न पडो. याला गीतेंतील फलत्याग जोडला कीं बोलणें फारच शोभिवंत होतें. आम्हीं तें तसें बोलूनहि दाखविलें. तिनें सगळें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “वरचं हिरवं लुगडं घडीवर विरायला लागलंय. जिथं शिवण नाहीं तिथं परवां नुसतं बोट लागलं आणि फाटलं.”

यावर आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. धावदोरा हा गोधडीचा शृंगार नव्हे. जीर्ण कापडाला धरून ठेवणारी तीच एक गोष्ट आहे, आणि जेथपर्यंत शिवण पोंचली तेथपर्यंतच तें लुगडें जगणार. गोधडी पांघरावयासाठीं असते. सासूबाईंच्या मुलीला थंडींत ती अंगावर घ्यावयाची आहे, आणि त्या इच्छेला फलासक्ति म्हणावयाचा अधिकार आम्हांला पोंचत नाहीं. फलत्यागाचा उपदेश माणसानें स्वतःला करावा. ज्याच्या कामांत आपणच खोळंबा घातला त्याला तो करणें, म्हणजे ऋणकोनें सावकाराला वैराग्य शिकविण्यासारखें आहे.

तिनें हें आधींच कां सांगितलें नाहीं, असें कोणी विचारील. आम्हींहि विचारलें. “सांगितलं असतं तर तुम्ही ‘बरं’ म्हणाला असतां,” एवढेंच उत्तर मिळालें. ‘बरं’ म्हणून तासाभरानें आम्हीं पुन्हां हांक मारली असती, हें तिनें बोलून दाखविलें नाहीं. तशी गरजहि नव्हती.

आषाढापासून बुधवारीं व रविवारीं दोन ते पांच दाराची घंटा, दूरध्वनि, दूध आणि चहा हीं आमच्याकडे आहेत. चहा बरा होत नाहीं. शेजारच्या आजींनीं पहिल्या दिवशीं आमच्या हातून औषध घालून घेण्यास नकार दिला. आतां त्या घालूं देतात, पण डोळा मिटून. पहिल्या रविवारीं आम्हीं तिला एकदांहि हांक मारली नाहीं, तरी ती तीन वेळां उठून आंत येऊन गेली. आम्हीं म्हटलें, “अगं, कोणीं बोलावलं नाहीं तुला.”

“म्हणूनच आलें,” ती म्हणाली. “इतका वेळ कोणीं बोलावलं नाहीं, तेव्हां वाटलं, कांहींतरी झालं असेल.”

सध्यां एकोणिसावा फेरा चालू आहे. हिरवें लुगडें विरलें त्या जागीं आमच्या वडिलांच्या धोतराचें एक ठिगळ पडलें आहे, आणि या रविवारीं ती एकदांच उठली.